शेवटच्या नळाची साक्ष

पाणी सुटायच्या दिवशी घरात कुणाला तरी थांबावं लागतं, आणि बहुतेक घरांत थांबणारी बाईच असते. ती कामावर खाडा करते, नाहीतर उशिरा जाते. तेही जमणार नसेल तर शेजारणीला किल्ली देऊन जाते, किंवा मुलीची शाळा बुडवते. नळातून आधी हवा फुसफुसते, मग मातकट पाणी येतं. ते बादलीभर वाहू दिलं की पिण्याजोगं पाणी सुरू होतं. तोवर गल्लीत मोटारी लागलेल्या असतात आणि धार बारीक होत जाते. आधी पिण्याचं भरायचं, मग स्वयंपाकाचं, मग पिंपं, मग हौद, आणि पाणी टिकलंच तर धुणं काढायचं. हा क्रम कुणी शिकवलेला नसतो, पण घरोघरी तोच असतो. पाणी गेलं की पुढचे चार दिवस, काही शहरांत आठ दिवस, त्या साठ्यावर काढायचे.

यातल्या कशाचीच कुठे नोंद होत नाही. पालिकेच्या दप्तरी त्या भागापुढे ‘पाणीपुरवठा झाला’ एवढंच लागतं.

हे पुस्तक त्या राहून गेलेल्या नोंदीविषयी आहे. आपल्या गल्लीतल्या, इमारतीतल्या, वस्तीतल्या पाण्याच्या नोंदी रहिवाशांनी कशा ठेवाव्यात, त्या एकत्र कशा कराव्यात आणि पाणीपुरवठा विभागापुढे कशा मांडाव्यात, हे ते पायरीपायरीने सांगतं. वाचणारा साहजिकच विचारील, की वहीत वेळ लिहून नळाला पाणी येतं का? धरण आटलं असेल, जलवाहिनी जुनाट झाली असेल, तिथे वही काय करणार? प्रश्न रास्त आहे. त्याला उत्तर देण्यासाठीच ही प्रस्तावना लांबवली आहे. बेभरवशाच्या पाणीपुरवठ्यात नेमकं काय बिघडलंय याची सर्वांत उपयोगी माहिती रहिवाशांकडे असते आणि यंत्रणेकडे ती नसते, असं माझं ठाम मत आहे. ती माहिती नीट मांडली गेली की उपायांची दिशा बदलते. मांडली गेली नाही, तर कोट्यवधी रुपये खर्चूनही वाहिनीच्या टोकाचं घर कोरडं राहू शकतं.

आधी हे टोकाचं घर समजून घेऊ. शहरातल्या वितरणवाहिन्या आखताना लोक दिवसभरात थोडंथोडं पाणी घेतील असं धरलेलं असतं. सकाळच्या गर्दीसाठी सरासरीच्या दोन-तीन पट वहनक्षमता ठेवतात. प्रत्यक्षात पाणी येतं तास-दीड तास, तेही काही दिवसांआड. त्यामुळे कित्येक दिवसांचं पाणी सगळी वस्ती एकाच तासात ओढते. वाहिनीतला प्रवाह दुप्पट झाला की घर्षणात जाणारा दाब जवळपास चौपट होतो. म्हणून टाकीजवळच्या घरांना जोराची धार मिळते आणि टोकाच्या घरांना करंगळीएवढी. मग टोकाचा माणूस नळाला थेट मोटार लावतो. त्याची मोटार शेजाऱ्याचं पाणी ओढते, म्हणून शेजारीही लावतो. नियमाने हे चूक आहे, पथकं येऊन मोटारी जप्तही करतात. पण मोटार काढल्यावर त्या घराने पाणी कसं भरायचं, हे कुणी सांगत नाही. पुढे पुरवठा बंद झाला की वाहिनी रिकामी होते, आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो आणि गळक्या सांध्यांतून आसपासचं सांडपाणी आत ओढलं जातं. पुढच्या पाळीला वाहू द्यावी लागते ती मातकट बादली बऱ्याचदा इथून आलेली असते.

आता टाकीवरचा मीटर सांगतो की आज इतके लाख लिटर पाणी सोडलं. टोकाच्या घरातली बाई सांगते की आज चार हंडे भरले. दोघांचंही खरं आहे. पहिली गोष्ट मोजणारं यंत्र पालिकेकडे आहे, दुसरी मोजणारं यंत्र पालिकेने कुठे बसवलेलंच नाही. त्यामुळे बैठकीत टाकीचा आकडा ‘माहिती’ ठरतो आणि बाईचं म्हणणं ‘तक्रार’ ठरतं.

सरकारी मोजमापात हा दोष खोलवर आहे. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने २००८ साली नागरी सेवांचे मापदंड ठरवून दिले. पाण्यासाठी दरडोई रोज १३५ लिटर, चोवीस तास पुरवठा, सगळ्या जोडण्यांना मीटर आणि ८० टक्के तक्रारींचं निवारण अशी उद्दिष्टं त्यांत आहेत. उद्दिष्टं योग्यच आहेत. अडचण येते ती शहराची सरासरी काढताना. समजा एका प्रभागात रोज तीन तास पाणी येतं आणि दुसऱ्यात तीन दिवसांतून एकदा तासभर. दुसऱ्याचा हिशेब पडतो रोजची वीस मिनिटं. दोन्हींची सरासरी काढली तर १०० मिनिटं येते, आणि १०० मिनिटं पाणी त्या शहरात एकाही घराला मिळत नसतं. त्यातही पाणी पहाटे तीनला आलं की सकाळी आठला, ठरल्या दिवशी आलं की दोन दिवस उशिरा, याला या आकड्यात जागाच नाही. घराच्या दृष्टीने मात्र सगळा त्रास तिथेच असतो.

हा त्रास मोजता येतो का, हा प्रश्न जगभरच्या अभ्यासकांनाही पडला होता. २०१९ साली त्यांनी घरगुती पाणी-असुरक्षिततेची एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. २३ देशांतल्या २८ ठिकाणी तिची पडताळणी झाली होती आणि त्यांत आपलं पुणेही होतं. या मोजपट्टीत लिटर नाहीत, पाइपांचे व्यास नाहीत. गेल्या चार आठवड्यांत घरात काय काय घडलं, याविषयीचे बारा प्रश्न आहेत. पाणी पुरेल की नाही याची काळजी किती वेळा वाटली? पाण्यापायी ठरलेली कामं बदलावी लागली का? कपडे धुणं, हात धुणं, अंघोळ टाळावी लागली का? पाण्यावाचून दुसरंच काही शिजवावं लागलं का? तहानलेलं झोपावं लागलं का? पाण्यावरून राग आला, शरम वाटली, असं किती वेळा झालं? प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण आणि एकूण बारा किंवा अधिक गुण झाले की ते घर पाण्याच्या बाबतीत असुरक्षित धरायचं. घरी पाहुणा आला आणि तांब्याभर पाणी देताना शरम वाटली, अशा गोष्टीही इथे मोजमापात येतात. या पुस्तकातली नोंदवही याच विचाराने आखलेली आहे.

आपल्याकडे या विचाराला जुना आधार आहे. गोरेगावच्या मृणाल गोरे १९६१ साली मुंबई महापालिकेत निवडून आल्या आणि लोकांनी त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हणायला सुरुवात केली. बायकांचे हंडामोर्चे त्यांच्याआधीही निघाले असतील. पण रांगेत उभ्या असलेल्या बायकांचा अनुभव हा नगरनियोजनाचा विषय आहे, हे सभागृहात मांडून तडीस नेण्याचं काम त्यांनी चिकाटीने केलं. पाण्याच्या प्रश्नावर सर्वांत आधी कुणाला विचारायचं, याचं उत्तर त्या कामात आहे.

अनुभवाकडे दुर्लक्ष झालं की काय होतं, हे मराठवाड्याने फार जवळून पाहिलं आहे. छत्रपती संभाजीनगरपासून पन्नासेक किलोमीटरवर पैठणचं जायकवाडी धरण आहे, राज्यातल्या सर्वांत मोठ्या धरणांपैकी एक. तरी या शहराने वर्षानुवर्षं आठवड्यातून एकदा, उन्हाळ्यात त्याहून उशिरा पाणी घेतलं. मलिक अंबरच्या काळात, सतराव्या शतकात, नहर-ए-अंबरीने ज्या शहराला पाणी पोचवलं, त्याच शहरात लग्नाची तारीख काढताना पाण्याचा दिवस बघायची वेळ आली. जायकवाडीच्या पंपगृहाची वीज गेली किंवा जलवाहिनी फुटली की अख्ख्या शहराचं वेळापत्रक एक-दोन दिवस पुढे सरकायचं. पाणी आज नाही, उद्या, उद्याचं परवा. टँकरवाल्याला फोन करायचा की थांबायचं, हे ठरवायला लोकांकडे काहीच आधार नसायचा.

नवी मोठी योजना आली. १६८० कोटींच्या या योजनेचं भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झालं, पुढे खर्चाचा अंदाज २७४० कोटींवर गेला. मे २०२२ मध्ये पाण्यासाठी रस्त्यावर मोठा मोर्चा निघाला. योजनेच्या कामावर उच्च न्यायालयाच्या खंडपीठात सुनावण्या होत राहिल्या. मोर्च्याच्याच महिन्यात वार्षिक पाणीपट्टी ४०५० रुपयांवरून निम्मी, २०२५ रुपये करण्याचा निर्णय झाला. या निर्णयामागचा हिशेब कुठल्या अभियंत्याला काढावा लागला नाही. आठवड्यातून एकदा पाणी म्हणजे वर्षातले बावन्न दिवस, मग पट्टी तीनशे पासष्ट दिवसांची कशासाठी, हा प्रश्न साधा होता आणि त्याला उत्तर नव्हतं. दिवस मोजले की युक्तिवाद उभा राहतो, एवढं या एका गोष्टीतूनही दिसतं. पण पट्टी निम्मी झाल्याने पाणी वाढलं नाही, हेही तितकंच खरं. दिवसांच्या मोजणीबरोबर वेळ, दाब आणि टोकाची घरं यांची मोजणी शहरभर झाली असती, तर मोठी जलवाहिनी येईपर्यंतच्या वर्षांत आहे तेच पाणी अधिक समन्यायाने कसं वाटता येईल, यावर बोलता आलं असतं.

लातूरने २०१६ साली याहून कठीण दिवस पाहिले. मांजरा धरण कोरडं पडलं, पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं गेलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होतं. ते काम मोठंच होतं, ते करणाऱ्यांचे उपकार लातूरकर विसरणार नाहीत. पण स्थानकापर्यंत आलेलं पाणी पुढे टँकरनेच गल्लीत पोचायचं होतं. टँकर कुठल्या गल्लीत, किती वाजता, आणि म्हाताऱ्या माणसांनी रांगेत कसं उभं राहायचं, हे प्रश्न तसेच समोर होते. संकट कितीही मोठं असो, पाण्याचा शेवटचा टप्पा गल्लीतल्या माणसाला विचारल्याशिवाय नीट आखता येत नाही.

दुसऱ्या बाजूची उदाहरणंही आहेत. कर्नाटकात बेळगाव, हुबळी-धारवाड आणि कलबुर्गी इथल्या काही प्रभागांत २००८ च्या सुमारास चोवीस तास पाणी सुरू झालं. बेळगावातल्या मराठी वाचकांना हे प्रभाग माहीत असतील. हुबळी-धारवाडमध्ये या प्रभागांची आणि काही दिवसांआड पाणी मिळणाऱ्या प्रभागांची तुलना झाली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात खंडित पुरवठ्याच्या नळांतून घेतलेल्या नमुन्यांपैकी जवळपास एक-तृतीयांश नमुन्यांत विष्ठेतून येणारे ई-कोलाय जंतू सापडले. चोवीस तासांच्या नळांवर हे प्रमाण शेकडा एकाहून कमी होतं. ‘पहिलं पाणी घाण येतं’ असं बायका वर्षानुवर्षं सांगत होत्या, त्याला प्रयोगशाळेने दुजोरा दिला. पुढच्या एका अभ्यासात लहान मुलांच्या एकूण जुलाबांत फारसा फरक दिसला नाही, पण गरीब घरांतल्या मुलांचे रक्ताचे जुलाब चोवीस तास पाण्याच्या भागात कमी आढळले. फक्त सरासरी बघून थांबलं असतं, तर ही मुलं दिसलीच नसती. कऱ्हाडजवळच्या मलकापूरनेही मीटर आणि वापरानुसार चढत जाणारा दर लावून चोवीस तास पाणी देता येतं, हे लहान गावाच्या पातळीवर दाखवून दिलं आहे.

बेंगळुरूतला एक प्रयोग मला या सगळ्यांत फार शिकवून जाणारा वाटतो. पाणी कधी येणार हे रहिवाशांना मोबाइलवर कळवायचं, अशी ती कल्पना होती. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या माणसाने फोनवरून कळवायचं आणि लोकांना एसएमएस जायचा. कल्पना उत्तम, पण अभ्यासात दिसलं ते निराशाजनक होतं. व्हॉल्व्हमन वेळेवर कळवत नसत, त्यामुळे संदेश उशिरा किंवा चुकीचे जात आणि घरांचा वाट पाहण्याचा वेळ काही कमी झाला नाही. मुंबईत ज्याला चावीवाला म्हणतात आणि इतर शहरांत लाइनमन, तो माणूस उन्हातान्हात सायकलवर फिरून डझनावारी चाव्या फिरवतो. पाणी आलं नाही तर शिव्या खातो, वरून साहेबांची बोलणी ऐकतो. त्याच्या कामात आणखी एका फोनची भर पडली, त्याला मिळालं काहीच नाही. रहिवाशांइतकंच ज्ञान त्याच्याकडे असतं; कुठली चावी घट्ट झाली आहे, कुठल्या सांध्याला गळती आहे, कुठल्या घराला पाणी चढत नाही, हे त्याला तोंडपाठ असतं. म्हणून या पुस्तकातल्या नोंदवहीत लाइनमनसाठी वेगळं पान आहे. नोंद ठेवणाऱ्यांनी त्याच्याविरुद्ध पुरावा गोळा करायचा नाही, त्याला सोबत घ्यायचं आहे.

अनुभव मांडण्याआधीच दार बंद असेल तर? मुंबईतल्या हजारो घरांची हीच स्थिती होती. ठरावीक तारखेनंतर उभ्या राहिलेल्या झोपड्यांना नळजोडणी द्यायचीच नाही, असा नियम होता. ते लोक पाणी पीत नव्हते असं नाही. लांबून वाहून आणत होते, चढ्या भावाने विकत घेत होते. ‘पाणी हक्क समिती’ने हा अनुभव न्यायालयात नेला. १५ डिसेंबर २०१४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने पाण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं सांगितलं. घर बेकायदा आहे म्हणून माणसाला पाणी नाकारता येणार नाही, असं त्या निकालात स्पष्ट आहे. तोवर कुठल्याच तक्त्यात-नकाशात नसलेली घरं त्या निकालामुळे पाणीपुरवठ्याच्या धोरणात आली. मे २०२२ मध्ये महापालिकेने ‘सर्वांसाठी पाणी’ धोरण जाहीर केलं.

या सगळ्यातून एक सावधगिरीही शिकायची आहे. ज्याचा आवाज मोठा त्याचाच अनुभव पुढे येतो. मोबाइल ॲपवर तक्रार करणारा, नगरसेवकाला फोन लावू शकणारा, सोसायटीचा अध्यक्ष असणारा माणूस ऐकला जातो. भाडेकरू, रात्रपाळीचा कामगार, सार्वजनिक नळावर भरणारी बाई, घरकाम करून संध्याकाळी परतणारी मावशी यांच्या नोंदी कुणीतरी मुद्दाम जाऊन घ्याव्या लागतात. तसं झालं नाही तर रहिवाशांच्या सहभागाच्या नावाखाली आधीच पाणी मिळणाऱ्यांना आणखी पाणी मिळेल. म्हणून या पुस्तकाचा पहिला नियम असा आहे की नोंद वाहिनीच्या टोकापासून सुरू करायची आणि टाकीकडे सरकत यायचं. दुसरा नियम असा की आठवण सांगायची नाही, त्याच दिवशी लिहायचं. ‘आमच्याकडे कधीच पाणी येत नाही’ या वाक्याला कुणीही बगल देऊ शकतो. एकाच वाहिनीवरच्या दहा घरांनी महिनाभर तारीख, पाणी सुटल्याची आणि गेल्याची वेळ, एक बादली भरायला लागलेली मिनिटं, पाण्याचा रंग-वास आणि त्या दिवशी बुडालेलं काम लिहून ठेवलं, तर कनिष्ठ अभियंत्याला त्यात वाहिनीचा आजार दिसू लागतो. पहिल्या घरी बादली दोन मिनिटांत भरते आणि दहाव्या घरी वीस मिनिटांत, तर मधे कुठे दाब पडतो ते शोधता येतं. दोन घरांतच गढूळ पाणी येतं, तर खोदायचं कुठे ते कळतं.

अशा नोंदींतून पुढे येणारे बरेच उपाय स्वस्त असतात. पाणी वाढवणं लगेच शक्य नसलं तरी ठरलेली वेळ पाळणं शक्य असतं. पहाटे तीनची पाळी महिन्याआड दुसऱ्या भागाशी बदलता येते. टोकाच्या भागाला आधी आणि टाकीजवळच्या भागाला नंतर पाणी सोडून पाहता येतं. एखादी अडकलेली चावी बदलली की वीस घरांचा प्रश्न सुटू शकतो. वेळापत्रक चुकणार असेल तर आदल्या संध्याकाळी कळवणं हाही मोठा दिलासा आहे, कारण त्यामुळे एका बाईची एका दिवसाची मजुरी वाचते. हे उपाय निविदेत येत नाहीत, कारण निविदा पाइपाच्या लांबीवर निघते. ते सुचायला घरात थांबलेल्या माणसाला विचारावं लागतं.

नोंदींनी धरण भरत नाही आणि नवी जलवाहिनी नोंदींच्या जोरावर रातोरात पडत नाही, हे वाचकाने मनात ठेवावं. पहिल्या महिन्याच्या वह्या बहुधा कुणी वाचणार नाही. दुसऱ्या महिन्यात ‘तुमची घड्याळं चुकीची’ असं उत्तर येऊ शकतं. तरी लिहीत राहावं, प्रभाग समितीत ठेवावं, माहिती अधिकारात टाकीवरच्या नोंदी मागवून आपल्या वह्यांशी ताडून पाहावं. दोन्ही कागद शेजारी ठेवले की चर्चेचा सूर बदलतो, कारण मग तक्रार उरत नाही, दोन मोजमापांतली तफावत उरते आणि ती समजावून सांगणं यंत्रणेला भाग पडतं.

पालिका आणि जीवन प्राधिकरण यांच्याकडेही माझी एक मागणी आहे, आणि या पुस्तकाच्या निमित्ताने ती जाहीरपणे करतो. पाण्याची कुठलीही योजना पूर्ण झाल्याचा दाखला देण्याआधी वाहिनीच्या टोकाच्या घरी, पाणी सुटलेल्या वेळी, तिथल्या रहिवाशांच्या समक्ष दाब मोजावा आणि त्या कागदावर त्यांची सही घ्यावी. ती सही नसेल तर योजना अपुरी समजावी आणि ठेकेदाराचं शेवटचं बिल थांबवावं.